फोममध्ये स्क्रू मारून ऑनिंग (गाडीतून बाहेर ओढायचं कापडी छत) लटकवणं बंद करा!

कॅम्परची, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाडीची, भिंत म्हणजे घराची भिंत नव्हे, हे अजून किती वेळा सांगायचं? बाहेरून अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आतून प्लायचा थर आणि मध्ये नुसता फोम. त्यात चार स्क्रू मारायचे, वीस-तीस किलोंची ऑनिंग लटकवायची आणि पैसे मोजून घेऊन निघून जायचं. याला काम म्हणतात? ऑनिंग अडीच मीटर बाहेर काढली की नुसतं वजन उरत नाही, ती वरचे स्क्रू पहारीसारखी उचकटायला बघते. वर गाडीचे हादरे. भोकं सैल होतात, पाणी झिरपतं, आतलं लाकूड कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा भिंत बोटानं दाबली तरी आत जाते.

आधी भिंतीतली चौकट शोधा ना! ऑनिंग धरणारा ब्रॅकेट चौकटीवर येत नसेल तर आरपार बोल्ट घाला आणि आतून अॅल्युमिनियमची जाड, लांब पट्टी लावा, म्हणजे ओढ एका भोकावर येणार नाही. भोकाच्या कडेचा फोम थोडा कोरून काढा, तिथे इपॉक्सी (वाळून दगडासारखा होणारा गोंद) भरा, ते वाळलं की पुन्हा भोक पाडा. नाहीतर नट आवळताना भिंतच चेपते. स्टीलचे बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट यांच्यात नायलॉनचे वॉशर हवेत. ते नसले की ओलाव्यात अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडत जातं. हे करायला किती वेळ लागतो? पण नाही, घाई!

आणि ते सिलिकॉन! गळती दिसली की ट्यूब काढायची आणि जुन्या सिलिकॉनवरच नवीन फासायचं. अहो, वाळलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट धरतच नाही! सगळं खरवडून, पुसून, कोरडं करूनच पुढचं काम. ब्रॅकेटखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, बोल्ट हळूहळू आवळा, कडेनं टेप बाहेर आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी परत एकदा आवळा, कारण टेप दबलेली असते.

वापरणाऱ्यांनाही सोडणार नाही. ऑनिंग सपाट का ताणता? पावसात ऑनिंगचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली घ्या, पाणी एका कोपऱ्यातून पळालं पाहिजे. तीन मीटर बाय अडीच मीटर कापडावर सरासरी फक्त 10 मिलिमीटर पाणी साचलं तरी 75 लिटर होतं, म्हणजे 75 किलो! मग ऑनिंगचा हात वाकला की कंपनीच्या नावानं बोंब. वारा सुटला की ऑनिंग आत घ्या. दोऱ्या आणि खुंट्या झुळकीसाठी आहेत, वादळासाठी नाहीत.

ओलं कापड गुंडाळून ठेवणं तर अक्षम्य आहे. निघायची वेळ झाली म्हणून गुंडाळलंत, ठीक. पण मुक्कामाला पोहोचल्यावर उघडून वाळवायला काय होतं? दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. मग कुणीतरी ॲक्रिलिक कापडावर ब्लीच आणि कडक साबण चोळतं, पाणी न धरणारा लेपच निघून जातो आणि छत गळायला लागतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर पाण्यानं धुणं. बस्स, एवढंच. ऑनिंगच्या हातांच्या सांध्यांना ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसते आणि तीच घासत राहते. कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारा. कापड पूर्ण सुटल्यावरही हँडल फिरवत राहिलात तर ते रोलरवर, म्हणजे कापड गुंडाळायच्या नळीवर, उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतं. ऑनिंग बिघडली म्हणून ओरडण्याआधी हँडल उलटं फिरवून बघा.

स्प्रिंगच्या रोलरची तर चेष्टाच करू नका. आत ताणलेली स्प्रिंग असते. लॉकची पिन न घालता एंड कॅप, म्हणजे रोलरच्या टोकाचं झाकण, काढली की ती गरकन फिरते आणि बोटं मोडते. कापड बदलायचं असेल तर आधी पिन घाला, मग कॅप सोडा. स्प्रिंग सोडताना किती वेढे निघाले ते मोजून लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच वेढे भरावे लागतात, कमी पडले की ऑनिंग आत येता येता अर्ध्यातच लोंबकळते.