तळघरातलं लाक्षागृह

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. मोठ्या काकांचाही १ जूनलाच. आत्याच्या यजमानांचाही. पारावर बसणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचा तर असतोच. एका दिवसात एवढी बाळंतपणं म्हणजे गावच्या सुईणीचं काय झालं असेल, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा.

नंतर कळलं की ही कामगिरी सुईणीची नसून गुरुजींची. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शाळेत नाव घालताना गुरुजींनी आजीला विचारलं, "पोरगं कधीचं?" आजी म्हणाली, "झेंडा लागला तवा पोटात हुतं. हुरड्याच्या दिसांत झालं." आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे झेंडा म्हणजे १५ ऑगस्ट १९४७. (थोडं पलीकडे निजामाच्या हद्दीत असतो तर हिशेब आणखी एका वर्षाने पुढे गेला असता.) झेंडा ऑगस्टमध्ये, हुरडा डिसेंबर-जानेवारीत. एवढा स्वच्छ पुरावा ऐकून घेऊन गुरुजींनी दाखल्यावर लिहिलं, १ जून १९४७. झेंडा लागला तेव्हा पोटात असलेलं पोर कागदावर अडीच महिन्यांचं होऊन पाळण्यात खेळत होतं.

आप्पा पुढे तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले आणि अठ्ठावन्न वर्षं भरली म्हणून ३१ मे २००५ ला घरी आले. "गुरुजींनी माझे सात पगार खाल्ले," हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं ठरलेल्या वेळी होतं.

हे सगळं सांगायचं कारण, खऱ्या तारखेचं वेड आमच्या रक्तातच आहे. माझ्यात ते जरा वेगळ्या जागी उमटलं, एवढंच. मी अमेरिकेत ओहायोतल्या सिनसिनाटीला राहतो आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे इथल्या काळ्या लोकांच्या ठेकेबाज गाण्यांच्या, जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या, लाखेच्या रेकॉर्डी गोळा करतो. गोळा करणं सोपं असतं. त्या कधीच्या आहेत हे ठरवताना माणूस कामातून जातो.

इथे कुणी म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हललं की घरातल्या सगळ्या वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि आपण थेट त्यांच्या बेडरूमपर्यंत जाऊन भाव विचारू शकतो. मला हे आजही जड जातं. पहिल्यांदा गेलो होतो बागेसाठी फावडं आणायला. तळघरात एक खोकं दिसलं. दहा इंची एक तबकडी पाव किलोच्या आतबाहेर भरते; खोक्यात साठेक होत्या. म्हणजे पंधरा किलोचं गव्हाचं पोतं तळघरातून वर आणायचं, आणि ठेच लागली तर त्या गव्हाचा तिथल्या तिथे रवा. फावडं राहिलंच. ते अजून आणलेलं नाही, बायकोच्या लक्षात आहे.

या शहरात असली खोकी निघतात, कारण किंग रेकॉर्ड्स इथलीच. सिड नेथन नावाच्या गृहस्थाने १९४३ साली ती काढली. ब्रूस्टर ॲव्हेन्यूवर एका छताखाली सगळं चालायचं: ध्वनिमुद्रण, रेकॉर्डी छापणं, लेबलं छापणं, खोकी भरून रवाना करणं. आपल्याकडे लग्नात एकच माणूस मांडव, आचारी आणि बँड पुरवतो तसं. गोऱ्यांचं खेड्यातलं संगीत आणि काळ्यांचं ऱ्हिदम अँड ब्लूज, दोन्ही एकाच घाण्यातून निघायचं.

रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव असतं, गीतकाराचं असतं, कंपनीचं असतं, नंबर असतो, कधी कधी पत्ताही असतो. नसतं ते फक्त साल. आणि जन्म तरी कुठला धरायचा? गाणं मुद्रित झालं ती तारीख म्हणजे जन्म. बाजारात आलं ते बारसं. आणि हातातली तबकडी साच्यातून निघाली ती तारीख तिसरीच. गाणं खपत राहिलं तर चार वर्षांनीही नवी प्रत निघायची. मी एक वही केली आहे, तिला तीन रकाने आहेत. बायको तिला रजिस्टर म्हणते.

काही कंपन्या सरळमार्गी. आरसीए व्हिक्टरच्या रेकॉर्डवर गाण्याच्या खाचा संपल्या की लेबलच्या कडेला मधल्या गुळगुळीत पट्टीत 'डी ६', 'डी ७' असं काहीसं कोरलेलं असतं. डी म्हणजे चाळीसचं दशक, पुढचा आकडा साल. सात म्हणजे १९४७. पन्नासपासून ई सुरू. ही कंपनी माझी सर्वात लाडकी आहे. तिला कुणी गुरुजी भेटले नाहीत.

बाकीच्यांचं काही सांगू नका. शिकागोच्या चेस कंपनीची पहिली रेकॉर्ड १९५० ची, आणि तिचा नंबर १४२५. मी दोन रात्री आधीच्या चौदाशे चोवीस रेकॉर्डी शोधत होतो. तो आकडा चेस बंधूंच्या लहानपणच्या घराचा निघाला. पुढचा नंबर १४२६, मडी वॉटर्स या ब्लूज गायकाचा. म्हणजे शेजारचं घर.

लॉस एंजेलिसची मॉडर्न कंपनी ही बिहारी बंधूंची. वाचल्यावर माझा ऊर भरून आला. आपला माणूस! पण हे बिहारी हंगेरीकडून आलेल्या ज्यू कुटुंबातले. त्यांच्या लेबलांवर गायकाच्या जोडीला गीतकार म्हणून टॉब नावाचे एक गृहस्थ भेटत राहतात. एवढी गाणी लिहिणारा हा प्रतिभावंत कोण म्हणून शोधलं, तर ते ज्यूल्स बिहारीच. नाव बदलून मानधनात वाटेकरी.

अर्थात गायकही काही कमी नव्हते. जॉन ली हूकर या ब्लूज गायकाने १९४८ साली मुद्रित केलेलं एक गाणं याच कंपनीने काढलं, ते तुफान चाललं, आणि मग गडी मिळेल त्या कंपनीसाठी मिळेल त्या नावाने गायला. किंगसाठी टेक्सास स्लिम. दुसरीकडे बर्मिंगहॅम सॅम. आणखी कुठे डेल्टा जॉन. एके ठिकाणी तर जॉन ली बुकर! एवढंच बदललं. बसच्या सवलतीच्या पासावर माझ्या चुलतभावाने याहून जास्त मेहनत घेतली होती.

पत्ता असेल तर तोही बोलतो. शहराच्या नावापुढे एकदोन आकडी विभाग क्रमांक असला, समजा न्यूयॉर्क १९, तर ते लेबल १९४३ नंतरचं, कारण ते क्रमांक तेव्हा आले. एकदा मला वाटलं, जमलं आपल्याला. तेवढ्यात लक्षात आलं की कंपन्या जुनी छापील लेबलं संपेपर्यंत वापरत. आप्पांच्या कचेरीत २००२ पर्यंत '१९__' छापलेले फॉर्म होते, त्यावर खाडाखोड करून २० लिहायचे. तोच हा प्रकार.

मागवलेल्या रेकॉर्डींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या आठवणी मला सोसत नाहीत. एका सज्जनाने पातळ पाकिटात घालून, वर 'नाजूक वस्तू' असं लाल शाईत लिहून पाठवली. पाकीट हलवलं तर आतून पापडाचा आवाज आला. सात तुकडे होते. मी ते जुळवून लेबलवरचा नंबर वहीत उतरवून घेतला. बायको दारात उभी राहून बघत होती. बोलली काही नाही.

इथल्या बाजारात माझा चेहरा बघितला की विक्रेते हमखास विचारतात, "भारतातले का? घरी बीटल्सची एखादी अठ्ठ्याहत्तरवाली आहे का?" कारण जगाने त्या बंद केल्या तरी आपल्या दमदमच्या कारखान्यात साठच्या दशकातही त्या निघत होत्या, आणि भारतात छापलेल्या बीटल्सच्या तसल्या रेकॉर्डींना इथे सोन्याचा भाव आहे. आमच्या घरी भजनाच्या तीन होत्या. त्यातली एक आजीने लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून वापरली.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आप्पा सहा महिन्यांसाठी आले. तळघरात उतरून त्यांनी खोक्यांच्या थप्प्या पाहिल्या आणि विचारलं, "ह्या कशाच्या रे?"

"लाखेच्या, आप्पा. साधारण पाचवा हिस्सा लाख, बाकी दगडाची पूड, काजळी वगैरे. लाख आपल्याकडूनच यायची. पळस, कुसुंब, बोरीवरचा किडा. बिहारकडची जंगलं. महायुद्धात १९४२ साली जहाजं अडली तर इथे लाखेचं रेशन झालं. नवी रेकॉर्ड हवी तर जुन्या आणून द्या, त्या दळून नव्या करतो, असं चालायचं."

"म्हणजे आपल्या झाडावरचा माल तू डॉलर मोजून परत घेतोस."

"तसंच काहीसं."

"आणि घरात लाखेचा एवढा साठा. पांडवांनी निदान बाहेर पडायला भुयार ठेवलं होतं."

जिन्यावरून बायकोचं हसू ऐकू आलं. त्या दिवसापासून तळघराला लाक्षागृह हे नाव पडलं ते पडलंच.

पुढच्याच शनिवारी मला तीन डॉलरला ती मिळाली. किंगची ४२१०. वायनोनी हॅरिसचं 'गुड रॉकिन टुनाइट'. निळं लेबल, त्यावर बुरशी, आणि खाचांत कुणाच्या तरी सत्तर वर्षांच्या तळघराची धूळ. आप्पा बाजूला खुर्ची टाकून बसले. मी कापसाचा बोळा घेतला, लॅपटॉप पुसायच्या बाटलीत बुडवला आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. पहिल्या फेरीलाच बोळा काळाकुट्ट. मला धन्य वाटलं. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. "बघा आप्पा, किती मळ!"

आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बाटलीत काय आहे?"

"अल्कोहोल. स्पिरिटच म्हणा."

"आपल्या माडीच्या दाराला पॉलिश केलं होतं ते आठवतं? सुतार बाटलीत चपडा लाख टाकायचा आणि वरून काय ओतायचा?"

मला सगळं आठवलं. बाटलीतले पिवळसर पातळ पापुद्रे, उन्हात ठेवलेली बाटली, सुताराच्या चिंधीचा वास. ती बाटली हलवायचं काम माझ्याकडे होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला वयाच्या आठव्या वर्षी माहीत होतं. मधे अभियांत्रिकीची पदवी झाली.

"मळ नाही तो," आप्पा म्हणाले. "रेकॉर्ड निघतेय."

बाहेरची दोन बोटं पट्टी राखाडी पडली होती, म्हशीच्या पाठीसारखी. नशीब एवढंच, की गाजलेलं गाणं होतं पलीकडच्या बाजूला. ती बाजू आम्ही पाण्याने, साबणाच्या दोन थेंबांनी, लेबलला ओल न लागू देता धुतली. म्हणजे आप्पांनी धुतली. मला त्यांनी हात लावू दिला नाही.

अठ्ठ्याहत्तरला जाड पिन लागते, एलपीची चालत नाही. ती लावली. आधी भजी तळल्यासारखा आवाज, आणि मग सॅक्सोफोन, मागे टाळ्या, आणि हॅरिसचा तो दांडगा, मोकळा गळा. आप्पांनी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्याच आवर्तनाला म्हणाले, "हा माणूस जेवून-बिवून गायला बसलाय." हे गाणं मूळचं रॉय ब्राउनचं, त्याने आधी हॅरिसलाच देऊ केलं होतं आणि हॅरिसने नाकारलं होतं, हे सांगितल्यावर म्हणाले, "आणि चाललं म्हटल्यावर घेतलं. बरोबर आहे."

"ही कधीची?" हा प्रश्न मात्र त्यांनीच विचारला.

मला तेच हवं होतं. मी वही काढली. १ जानेवारी १९४८ पासून वादकांच्या संघटनेने, म्हणजे तिचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो याने, रेकॉर्डिंगवर बंदी जाहीर केली होती. त्यामुळे सत्तेचाळीस संपायच्या आत जमेल तेवढं मुद्रित करून ठेवायला सगळ्या कंपन्यांची धावपळ. हे गाणं मुद्रित झालं २८ डिसेंबर १९४७ ला, रविवार असूनही, याच सिनसिनाटीत. बाजारात आलं अठ्ठेचाळीसमध्ये. आणि या प्रकारच्या संगीताला 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव मिळालं त्यानंतर आणखी वर्षाने. बिलबोर्ड या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने २५ जून १९४९ च्या अंकापासून या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीचं नाव बदललं.

"जून?" आप्पा सावध झाले. "तिथे पण जूनच?"

"योगायोग आहे हो."

"असतील. गुरुजी सगळीकडे असतात." मग थोडा वेळ गप्प. बोटांवर काहीतरी मोजलं. "अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे हुरडा ऐन भरात."

"हो."

"म्हणजे ही माझ्या बरोबरीची."

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, खिशाचं पेन काढलं आणि किंग ४२१० च्या खाली एक ओळ आखली, पट्टी न घेता, तरी सरळ. कचेरीतल्या त्या गोल, सुटसुटीत अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मुद्रणाच्या रकान्यात लिहिलं 'डिसें. १९४७, हुरडा'. प्रकाशनाच्या रकान्यात '१ जून १९४७'. खाली बारीक सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"आप्पा," मी म्हटलं, "आधी प्रकाशन आणि मग मुद्रण, असं होत नाही."

"गुरुजींना सांग," आप्पा म्हणाले आणि पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.