‘सहा ग्लासांत एकच वाइन’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार काका,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्या वाइन सहलीला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत की ‘फ्रान्सच्या रेड वाइन समजून घ्या’ अशी जाहिरात करून आम्ही माणशी 140 युरो घेतले, सहा ग्लासांत एकच वाइन पाजली, तीही पाणी घातल्यासारखी फिकट, वर मातीवर भाषण ऐकवलं आणि काकूंच्या जेवणाचे हाल केले. वेळेबद्दलही तुमची तक्रार होती.

जेवणाबद्दल मनापासून माफी मागतो. काकू शाकाहारी आहेत हे तुम्ही बुकिंग करतानाच कळवलं होतं. मी रेस्टॉरंटला सांगितलंही होतं, पण सॉस मांसाच्या रश्श्यात केलेला निघाला आणि काकूंना पाव आणि चीजवर भागवावं लागलं. मी आधी स्वतः जाऊन खात्री करून घ्यायला हवी होती. चूक माझीच.

पण ‘एकच वाइन’ आणि ‘पाणी’ हे दोन शब्द मला फार लागले. आम्ही नवराबायको फ्रान्समधल्या बोन गावात राहून एका नऊ सीटच्या व्हॅनवर हा व्यवसाय करतो, आणि व्हॅनचे हप्ते अजून चालू आहेत. ‘इथे वाइनमध्ये पाणी घालतात’ असं कोणी मराठीत वाचलं तर पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे कोण येईल? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहाही ग्लासांत द्राक्ष एकच होतं, हे खरं. पिनो न्वार. बुर्गोन्यमध्ये, म्हणजे बोनच्या आसपासच्या या प्रदेशात (इंग्रजीत बर्गंडी), चांगली रेड वाइन या एकाच द्राक्षाची होते, आणि ही रीत आजची नाही. 1395 साली इथल्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, गामे नावाचं भरघोस पिकणारं द्राक्ष उपटून टाकायचा हुकूम काढला होता. आपल्याकडे हापूस म्हटल्यावर माणूस लगेच विचारतो, देवगडचा की रत्नागिरीचा? आंबा तोच, पण तुम्ही दोन्हींना एकच भाव द्याल का? इथलं सगळं त्या प्रश्नावर चालतं. म्हणून बाटलीवर द्राक्षाचं नाव सहसा नसतं, गावाचं असतं. नाशिकच्या बाटलीवर ‘शिराझ’ वाचायची सवय असलेल्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं, हे मला कळतं. म्हणूनच सकाळी पहिली पंधरा मिनिटं मी त्यावर बोललो.

तुम्हाला दिलेल्या वाइन पुन्हा सांगतो. पहिली साधी बुर्गोन्य, म्हणजे रस्त्याच्या खालच्या सपाट रानातली. दुसरी साविन्यी गावची. तिसरी पोमार, चौथी वोल्ने, पाचवी जेव्रे-शांबेर्तँ, सहावी बोनची प्रीमिए क्रू, म्हणजे वरच्या दर्जाच्या रानातली. तिसरीपासून पुढच्या सगळ्या 2020 च्या होत्या, मुद्दाम. वर्ष एक, द्राक्ष एक, म्हणजे जो फरक लागेल तो जागेचाच. पोमार आणि वोल्ने ही शेजारची गावं, व्हॅनने पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पोमारच्या जमिनीत चिकणमाती आणि लोह जास्त, वाइन दणकट, जिभेला तुरट धरणारी. वोल्नेला चुनखडी जास्त, वाइन हलकी आणि सुवासिक. माझा अख्खा दिवस या दोन ग्लासांसाठी रचलेला असतो.

आणि नेमक्या त्याच वेळी तुम्हाला भारतातून फोन आला. तातडीचा असेल, त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही. तुम्ही वीस मिनिटांनी आलात आणि दोन्ही ग्लासांत बर्फ मागितलात. मी म्हटलं, काका, ही 16 अंशांच्या आसपास प्यायची असते, बर्फाने वास दबतो आणि तुरटपणा तेवढा वर येतो. तुम्ही म्हणालात, आम्हाला अशीच आवडते. पाहुणे आहात म्हणून मी बर्फ आणून दिला. हे इथे चारचौघांत लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण त्या दिवशी त्या वाइनमध्ये गेलेलं पाणी तेवढंच. सगळ्या बाटल्या तुमच्यासमोर उघडल्या होत्या. जेव्रेचं बूच तर काकूंनी आठवण म्हणून पर्समध्ये ठेवलं.

रंगाचंही सांगतो. पिनो न्वारची साल पातळ असते. वाइनला रंग सालीतून येतो, त्यामुळे ती माणकासारखी पारदर्शक लाल दिसते, ग्लासापलीकडचं बोट दिसतं. तुम्ही नाशिकला प्यायलात ती गडद शिराझ म्हणजे फ्रान्समधली सिरा. तिचं घर इथून दोन-अडीच तास दक्षिणेला, रोन नदीच्या काठी, एर्मिताजच्या टेकडीवर. बोर्दो या दुसऱ्या वाइन-प्रदेशाची गोष्टच वेगळी. तिथे काबेर्ने सोविन्यों आणि मर्लो ही द्राक्षं एकमेकांत मिसळतात. तिथल्या मेदोकच्या खडीच्या, वाळूमिश्रित जमिनीत काबेर्ने पुढे, तर नदीपलीकडे सँतेमिलियोंच्या चिकणमाती-चुनखडीत मर्लो पुढे. पण बोर्दो इथून गाडीने सहा-सात तास आहे, एका दिवसात ते दाखवणं कुणालाच जमणार नाही.

इथे मात्र मला एक कबूल करायला हवं. ‘फ्रान्सच्या रेड वाइन’ हे शब्द जाहिरातीत मीच लिहिले होते. ते फार मोठे झाले. आता ‘बुर्गोन्यच्या रेड वाइन’ असं करून घेतलं आहे.

मातीवरच्या भाषणाचं काय सांगू? माझ्या वडिलांची तासगावला द्राक्षबाग होती. खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, गारपिटीच्या भीतीने रात्रभर आभाळाकडे बघणं, यातच लहानाचा मोठा झालो. आमच्या मुरमाड तुकड्यातल्या थॉमसन द्राक्षांना गोडी लवकर भरायची, आणि बांधापलीकडच्या काळ्या रानातलं तेच वाण, तीच छाटणी, तरी मणी मोठे पण पाणचट. वडील म्हणायचे, रान बोलतंय. इथे आल्यावर कळलं की शेकडो वर्षांपूर्वी सितोच्या मठातल्या साधूंनी हाच फरक ओळखून रानांना भिंती बांधल्या. क्लो द वूजोची जी दगडी भिंत आपण पाहिली, तिच्या आत जेमतेम 50 हेक्टर रान आहे आणि त्याचे मालक सुमारे 80. अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या 1247 तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. ते सांगताना मी वाहवत जातो, हे बायकोही म्हणते. तुम्हाला कंटाळा आला असेल तर त्याचं वाईट वाटतं, पण हे गाळून नुसते ग्लास भरून द्यायचे असतील तर मला ते जमायचं नाही.

वेळेचं एवढंच की दिजाँहून येणारी तुमची गाडी चुकली आणि आपण 50 मिनिटं उशिरा निघालो. त्यात तुमचा दोष नव्हता, पण वाइनच्या तळघराची वेळ ठरलेली असते. तिथला शेतकरी स्वतः बाटली घेऊन उभा होता.

पुढच्या हंगामापासून एक ग्लास दक्षिणेकडच्या बोजोले भागातला ठेवायचा विचार आहे. ते गामे, ग्रॅनाइटच्या जमिनीतलं, म्हणजे दुसरं द्राक्ष कसं लागतं हेही कळेल. जेवणासाठी दुसरी जागा बघतो आहोत, अजून नक्की नाही. काकूंच्या जेवणाचे 24 युरो आज तुमच्या कार्डावर परत पाठवले आहेत, तीन-चार दिवसांत जमा होतील. सहाही बाटल्यांची बिलं माझ्याकडे आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा त्यांचे फोटो पाठवतो.