सूर्यफुलाला गणित येत नाही

नमस्कार,

माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तीही चिडून, त्यामुळे उत्तरही जरा लांबतंय. तुमचे आक्षेप दोन. एक, विज्ञानकथांमधल्या फिबोनाची श्रेणीची (१, १, २, ३, ५, ८... प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) मी उगाच टर उडवली. ती निसर्गाची भाषा आहे, तेव्हा परग्रहवासी पहिला निरोप त्याच आकड्यांत धाडणार. दोन, श्रेणीचं सगळं श्रेय मी फिबोनाचीच्या १२०२ सालच्या इटालियन ग्रंथाला देऊन मोकळा झालो.

दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. त्याच्या अर्धं शतक आधी, ११५०च्या सुमारास, जैन आचार्य हेमचंद्रांनी हेच आकडे मांडले होते. त्या ग्रंथातल्यासारखे सशांच्या पैदाशीतून नव्हे, कवितेच्या छंदांतून. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरते? लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. शेवटी लघू ठेवला तर आधीच्या तीन मात्रा तीन प्रकारे बसतात, गुरू ठेवला तर आधीच्या दोन मात्रा दोन प्रकारे. पाच मात्रा मांडून बघा, आठ येतील. लेखात दुरुस्ती करतोय.

पहिल्या मुद्द्यावरून मात्र हटणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे. सूर्यफुलाच्या तबकडीवरचे वळसे मोजले तर एका दिशेला ३४, दुसऱ्या दिशेला ५५ असे आकडे सापडतात. फुलाने ते मोजलेले नसतात. प्रत्येक नवा अंकुर आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर, मोकळी जागा मिळेल तिथे फुटतो. आकडे आपसूक पडतात. मग आकाशातून १, १, २, ३, ५, ८ असे ठोके आले, तर पलीकडे कुणी विचार करतंय की नुसतंच काहीतरी वाढतंय, हे ओळखायचं कसं?

मूळ संख्यांचं तसं नाही. कार्ल सेगन यांच्या 'कॉन्टॅक्ट' कादंबरीत वेगा ताऱ्याकडून मूळ संख्या येतात, ती निवड म्हणूनच मला चोख वाटते. २, ३, ५, ७, ११ अशा एकही न गाळता ओळीने पाठवणारी नैसर्गिक यंत्रणा आपल्याला माहीत नाही. (१३ आणि १७ वर्षांनी जमिनीतून वर येणारे सिकाडा किडे आहेत, पण ते दोन सुटे आकडे झाले.)

शिवाय त्या कामाच्याही असतात. १९७४ साली परग्रहवासीयांसाठी अंतराळात धाडलेला अरेसिबो रेडिओ संदेश १६७९ बिटांचा, म्हणजे शून्य-एक अशा खुणांचा, होता. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ. आयत करायचा तर दुसरी जोडीच नाही, आणि नीट मांडला की चित्र दिसतं. फिबोनाचीच्या प्रेमाखातर १५९७ बिट पाठवले असते, तर ती संख्या स्वतःच मूळ. एक लांबलचक रेघ! पुढची २५८४ घ्या, आयत सात तऱ्हांचे. वाचणाऱ्याने ओळ कुठे तोडायची?

एका अटीवर तुमचे फिबोनाचीवाले परग्रहवासी मला पटतील. १३ नंतर २१च्या जागी शांतता, मग ३४, आणि पुन्हा पहिल्यापासून. जागा रिकामी सोडून उत्तराची वाट बघणं काही सूर्यफुलाला जमत नाही. अशी कथा वाचनात आली असेल तर नाव कळवा, नसेल तर तुम्हीच लिहा.