चौथं चाक गैरहजर

गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. त्यात एक इवलीशी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. हा दिवा लुकलुकला तर गाडी घसरतेय आणि चाकांची घसरण आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल कामाला लागलंय, असं समजायचं. तो लुकलुकायचं सोडून नुसताच पेटून राहिला, तर ट्रॅक्शन कंट्रोल संपावर गेलंय आणि आता कामाला लागायचं ते आपण.

आमचा दिवा त्यातही बेरकी. गाडी सुरू केली की इतर सगळ्या दिव्यांबरोबर शहाण्यासारखा विझायचा. काट्याने वीसचा आकडा ओलांडला की पेटायचा, आणि सोबतीला एबीएसचाही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाही, दिवा घेऊन यायचा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की परत सज्जन. त्यामुळे मेकॅनिकच्या दारात चावी फिरवली की डॅशबोर्ड स्वच्छ. "कुठंय दिवा?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "चालवल्यावर येतो." यावर तो ज्या नजरेने बघायचा, ती नजर मी यापूर्वी फक्त बँकेत सही जुळत नाही तेव्हा पाहिली होती.

निदानांची मात्र टंचाई नव्हती. एकाने बॅटरी कमजोर ठरवली, एकाने ब्रेकलाइटचा स्विच, एकाने पुढच्या दोन टायरांची झीज सारखी नाही म्हणून मान हलवली. वाईट म्हणजे यातलं काहीही चूक नाही. या तिन्हींमुळे हा दिवा खरोखर लागू शकतो. खालच्या मजल्यावरचे काका चप्पल अडकवूनच आले आणि बॉनेटखाली डोकं घालून म्हणाले, "उंदीर!" आमच्या सोसायटीत पावसाळ्यातलं हे सर्वमान्य निदान आहे. लिफ्ट बंद पडली तरी तेच असतं.

"गाडी चालतेय ना?" ही म्हणाली. चालत होती. ब्रेकही लागत होते. फक्त ताम्हिणीत, भर पावसात, एका शेवाळलेल्या चढावर थांबून पुन्हा निघताना पुढचं एक चाक जागच्या जागी गरगरलं आणि मागच्या एसटीने असा हॉर्न दिला की मागच्या सीटवर सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. ट्रॅक्शन कंट्रोल शाबूत असतं तर त्याने गरगरणाऱ्या चाकाला हलकेच ब्रेक लावला असता आणि इंजिनाचा जोरही आवरला असता. रामरक्षा वाचली असती.

मग मी बिघाडाचे कोड वाचणारं, ऑनलाइन मागवलेलं निळं यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं. मोबाइलने हिरवी खूण दाखवून गाडी ठणठणीत असल्याचं कळवलं. ही स्वस्त यंत्रं बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसच्या पेटीत डोकावणं त्यांच्या पगारात बसत नाही. पिवळे दोन दिवे पेटलेले आणि हातात ठणठणीतपणाचा दाखला, अशा थाटात मी आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मोठ्या स्कॅनरने कोड दिला: पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल नाही. झालं! सेन्सर बदलला. साडेतीन हजार. बाहेर पडलो, वीसचा आकडा ओलांडला, दिवा हजर.

शेवटी कुणीतरी नाना पेठेतल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, "हल्ली चाकाचं काय काम केलं होतं?"

"आमच्या गॅरेजमध्ये डाव्या बाजूचं बेअरिंग बदललं. घूं घूं आवाज येत होता."

"आणि दिवा?"

"त्यानंतरच लागला."

"हं," ते म्हणाले. लॅपटॉप जोडून त्यांनी मला गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसले. एबीएसचा संगणक सतत चारही चाकांची हजेरी घेत असतो. तीच हजेरी ट्रॅक्शन कंट्रोल वापरतं. पडद्यावर आकडे आले: अठरा, अठरा, अठरा आणि शून्य. संगणकाच्या मते माझी गाडी तीन चाकांवर पुढे चालली होती आणि चौथं पार्किंगमध्येच राहिलं होतं.

दुकानात परतल्यावर त्यांनी तसलंच एक नवं बेअरिंग काढलं. दोन्ही तोंडं दिसायला जवळपास सारखीच. एका बाजूला टाचणी नेली, चिकटली. दुसऱ्या बाजूला नेली, पडली. "या बाजूला चुंबकाची रिंग असते. ती सेन्सरसमोर आली पाहिजे. तुमचं उलटं बसवलंय. सेन्सर बिचारा काय वाचणार?"

बेअरिंग उलटं असलं तरी चाक छान फिरतं, आवाजही जातो, म्हणून बसवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. आणि ते काढून सुलटं करू म्हटलं तर तेही नाही. प्रेसवर दाबून बाहेर काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायच्या लायकीचं राहत नाही. नवं घ्यावं लागलं. दिवा गेला.

मी तडक आमच्या गॅरेजमध्ये गेलो आणि मालकासमोर जुनं बेअरिंग आणि टाचणी ठेवली. त्याने प्रयोग दोनदा करून पाहिला, पोऱ्यालाही बोलावून दाखवला. बेअरिंगचे पैसे, मानलं पाहिजे, निमूट परत केले.

"आणि सेन्सरचे?" मी विचारलं. "जुना तर चांगलाच होता!"

"मग टेन्शन कसलं, साहेब?" ड्रॉवरमधून जुना सेन्सर काढून माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला, "लावून देतो की परत. फक्त मजुरी पडेल."