दरी पूर्ण आली पाहिजे

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर भर जुलैत मी काढलेला एक फोटो सध्या एका काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर झळकतोय. खाली लिहिलंय, 'छायाचित्र : सौ.' सौ. त्या फोटोत उभ्या आहेत.

मी गेलो होतो खरं म्हणजे इमारती बघायला. दरी काय, सगळेच बघतात. पण त्या काठावर मेरी कोल्टर नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी जे बांधून ठेवलंय, त्याचं मला जुनं वेड आहे. होपी हाउस १९०५ चं, लुकआउट स्टुडिओ आणि हर्मिट्स रेस्ट १९१४ चे, डेझर्ट व्ह्यूचा मनोरा १९३२ चा. बाईंची खुबी अशी, की इमारत उद्घाटनाच्या दिवशीच जुनीपुराणी दिसली पाहिजे. हर्मिट्स रेस्टमधल्या अजस्र शेकोटीच्या दगडांना म्हणे मुद्दाम काजळी फासली होती.

मार्च ते नोव्हेंबर हर्मिट्स रेस्टला जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येत नाही. लाल मार्गाची फुकट बस असते. बसच्या रांगेत उन्हात उभा असताना घरून फोन आला आणि मी म्हणालो, "हो गं, घातलीय टोपी." एवढं एकच वाक्य. मागून खांद्यावर हात पडला.

"मराठी का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या मिनिटाला मी 'तुम्ही' होतो. बसमध्ये चढेपर्यंत 'तू' झालो, आणि सीटवर बसताच काकांनी स्वतःची सॅक माझ्या मांडीवर ठेवली.

होपी पॉइंट आला तसा मी उठलो. म्हटलं, इथून शिवाचं देऊळ छान दिसतं.

काका ताठ झाले. "देऊळ? इथे? कोणी बांधलं?"

"बांधलं नाही, डोंगर आहे. डटन म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ होता, त्याने १८८० च्या सुमारास शिखरांना अशी नावं दिली. विष्णूचंही आहे."

"मग आत जाता येत नाही?"

"डोंगर आहे, काका."

"मग कशाला उतरायचं उन्हात? येताना उतरू." आणि सॅक मांडीवर असलेला माणूस किती उठणार? बस सुटली.

हर्मिट्स रेस्टला उतरलो. दगडी कमान, तिच्यात टांगलेली घंटा. मी भारावून बघतोय तोवर काका म्हणाले, "शंभर वर्षांत साधी डागडुजी नाही केली. आपल्याकडे नावं ठेवतात फक्त." मी त्यांना कोल्टरबाईंची सगळी कथा ऐकवली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे पैसे खाल्ले."

मग फोन माझ्या हातात आला. काकू काठावरच्या दगडी भिंतीपाशी, शेजारी काका, पोट आत.

"दरी पूर्ण आली पाहिजे."

"काका, ती ४४६ किलोमीटर आहे."

"मग जरा मागे जा."

मागे गेलो. तर म्हणे आम्ही मुंगीएवढे दिसतोय. पुढे आलो. तर म्हणे दरी कापलीस. आडवा काढला, तर काकांची चप्पल गेली. उभा काढला, तर नदी कुठाय?

"नदी मैलभर खाली आहे."

"झूम कर की."

काकू मधूनमधून "अहो, राहू दे" म्हणत होत्या. पण प्रत्येक वेळी पदर मात्र नीट करत होत्या, हे मी टिपून ठेवलंय. फोटो आला की काका तो दोन बोटांनी मोठा करून तपासत, आधी स्वतःचा चेहरा, मग दरीचा. "डोळे मिटलेत." "ऊन तोंडावर आलंय." ऊन सगळ्यांच्याच तोंडावर होतं. काठाची उंची दोन हजार मीटर, हवा विरळ, आणि तिथलं ऊन चटका देत नाही तर सरळ सोलून काढतं. उष्माघातानं माणसं कोसळतात म्हणून उन्हाळ्यात एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत येऊ नका, अशा पाट्या जागोजागी आहेत. काठावर ओळखीच्या भाषेतला माणूस भेटल्यास काय करावं, याची एकही नाही.

मध्येच काकांना तहान लागली. समोर बाटल्या भरायचा नळ होता. "नळाचं आपण पीत नाही," म्हणून त्यांनी माझ्या बाटलीतलं प्यायलं. ती मी अशाच नळावर भरली होती. सांगितलं नाही. तेवढाच सूड.

शेवटी फोटो पसंत पडला. काकांनी माझा नंबर घेतला आणि "तुझाही काढतो" म्हणेपर्यंत परतीची बस आली. माझा राहिलाच. दोघं चढले, बस भरली, चालकानं दार लावलं. काकांनी खिडकीतून हात हलवला.

राग येतो तो याचा, की नाही म्हटलं तर आपणच माणूसघाणे ठरतो. परमुलखात गाठ पडली म्हणजे जन्मोजन्मीची ओळख, आणि त्या ओळखीचा सगळा खर्च एकाच बाजूने. कोणी ठरवलं हे?

शेकोटी मात्र मी बघून घेतली, मनसोक्त. मग पुढच्या बसनं निघालो. होपी पॉइंट जवळ आला तसा दाराशी जाऊन उभा राहिलो. बस थांबली नाही. परतीची बस पिमा, मोहावे आणि पॉवेल या तीनच पॉइंटना थांबते. चालकानं सौम्यपणे सुचवलं, पहिल्या थांब्यावर जा आणि पुन्हा रांगेत उभे राहा.

राहिलो. रांग ऊन खात वळणापर्यंत गेली होती. थोड्या वेळानं मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, विचारा ना कुणाला, ही रांग कशाची?"

मी टोपी खाली ओढली आणि फोन बंद करून टाकला.