येण्याचे कारण

परवा बाजारातून येताना पावसानं गाठलं. समोर माझीच जुनी शाळा. मैदान ओलांडलं, साखळीवरून पाय टाकला आणि पॅव्हेलियनच्या पायरीवर टेकलो, तोच शिट्टी वाजली.

"हांगा बसपाक मेळना!"

वॉचमन. अंगात रेनकोट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी, काखेत रजिस्टर.

"पाऊस थांबेपर्यंत हो."

"मग एंट्री करा."

नाव, गाव, वेळ आणि 'येण्याचे कारण'. मी लिहिलं, 'बसणे'. त्यानं ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. "बसणे हे कारण होत नाही, सर. बसायला काय, कोणीही येईल."

"मग पाऊस लिहू?"

"पाऊस चार महिने पडतो. चार महिने कारण चालेल?"

वरच्या पायरीवर एक कुत्रं ऐसपैस पसरलं होतं. म्हटलं, त्याची एंट्री कुठाय? वॉचमन शांतपणे म्हणाला, "तो रात्रपाळीचा."

आता या माणसाला काय सांगणार, की याच पॅव्हेलियनमागे आम्ही पीटीच्या तासाला काजू भाजायचो! भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यात बिया टाकायच्या. सालातलं तेल असं भडकायचं की भुवया सांभाळाव्या लागत. थंड होईपर्यंत कोणाला धीर? दातानं फोडायच्या. ते तेल लागलं की ओठ भाजून काळे. पीटीचे सर चौकशीबिवकशीच्या भानगडीत पडत नसत. रांगेत उभं करून नुसती तोंडं बघायचे. काळ्या ओठांना मैदानाच्या फेऱ्या. वर शर्टावर बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचे डाग, जे जन्मात जात नाहीत, म्हणजे घरी आईचा हिशेब वेगळा. कठड्यावर चढू नये, कौलांवर चेंडू मारू नये, मागे जाऊ नये, असे नियम भिंतीवर लिहिलेले होते. आम्ही ते क्रमानं मोडत गेलो.

आता चिऱ्याची भिंत टाइल्सखाली गेली. स्टीलचे कठडे आले, काचेचा दरवाजा आला आणि त्याला कुलूप आलं. 2012 मध्ये फुटबॉल हा राज्याचा खेळ झाला, 2023 मध्ये 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. भाषणं आम्हीही ऐकली. इथलं कुलूप मात्र सत्काराला निघतं. शाल, श्रीफळ, फोटो, की पुन्हा बंद. खेळणारी पोरं दप्तरं कुंपणाला टांगून उन्हात उभी. आत जाऊन बसणारा एकमेव खेळाडू म्हणजे तो कुत्रा. अहो, पोरांनी नियम मोडायचे म्हटले तरी आधी आत शिरायला नको?

"सर, कारण?" वॉचमननं पेन पुढे केलं.

'बसणे' खोडून मी लिहिलं, 'काजू भाजणे'.

त्यानं पुन्हा बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. "हां, हे चालेल. पण सहाच्या आत आटपा."