आणखी एक मिनिट

चूक माझीच, हे आधीच कबूल करतो. म्हणजे नंतर दुसऱ्यांना बोलायला मोकळा. नववीतल्या चिरंजीवांना दिवसाला एक तास मोबाइल, मग तो माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात, असा नियम मी काढला. तो म्हणाला, "मग तुम्हालापण एकच तास." बोलण्याच्या भरात हो म्हणून बसलो. त्यानं माझ्या फोनला मर्यादा लावली, चार आकडी पासवर्ड स्वतःकडे ठेवला.

परवा सोलापुरात नवी पेठेत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेतली. १३० रुपये. पैसे द्यायचं अ‍ॅप उघडलं, तर वाळूचं घड्याळ! तास संपलेला. खाली मेहेरबानी: 'आणखी एक मिनिट'. घेतलं. नेटवर्क गोल गोल फिरत राहिलं, मिनिट संपलं. पाकिटात दहाची एक नोट. मुलाला फोन लावला. रिंग वाजत होती. वाजणारच, माझ्याच कपाटात.

मागं एक आज्जी उभ्या होत्या.

"काय करलालास बे? सरक की पुढं."

"आज्जी, फोन बंद आहे."

"उजेड तर दिसलालाय."

"चालू आहे, पण मुलानं बंद केलाय."

"बाप तू का ते?"

मग दुकानदाराला: "ओ शेठ, ऐकलाव का? ह्याला ह्याचं पोरगं तासावर ठेवलंय!" दुकानदार हसला. त्याच्याकडं सुट्टे कधी नसतात, हसू मात्र लगेच निघालं.

आज्जी थांबेनात. "मी दिवसाला हजार विड्या वळायची. माल दिला की मोजायचे, वाकडी दिसली की छाट. तुझ्या घरातबी मोजणारा बसलाय की!" आणि माझ्याकडं वरून खाली असं बघितलं, की मी छाटात गेलो हे मला कळलं.

शिकलेला माणूस चिडला की माहिती सांगतो. मी म्हणालो, बालरोगतज्ज्ञ सांगतात, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पाचपर्यंत फार तर एक तास. सांगलीकडं मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा होतो, दीड तास अख्ख्या गावाचे टीव्ही-मोबाइल बंद. ऑस्ट्रेलियानं तर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाच बंद केलाय.

"मग तू किती वर्षांचा?"

तो वडगावचा भोंगा मला पटतो, कारण तो बापालाही वाजतो. गिरण्यांच्या भोंग्यावर उठलेल्या सोलापूरला त्यात नवल नाही. पण आमच्याकडं रात्री नऊला गृहपाठ ग्रुपवर येतो, क्लासची सराव परीक्षा मोबाइलवर, आणि पालकसभेत बाई सांगतात, मुलांना मोबाइल देऊ नका. एकदा काय ते ठरवा ना! खेळायला पाठवावं तर मैदानात कधी सेलचा मंडप, कधी लग्नाचा.

आज्जींनी कमरेची चंची सोडली, थुंकी लावून नोटा मोजल्या, माझे उरलेले १२० भरले.

"नंबर सांगा आज्जी, उद्या पाठवतो."

"पोराला विचारून सांग," म्हणाल्या, आणि आपली पिशवी घेऊन चालू पडल्या. नावही विचारायचं राहिलं.

घरी पोचलो, तर चिरंजीव कपाटाला टेकून बसलेले.

"बाबा, किल्ली द्या. गृहपाठ आलाय."

"आधी पासवर्ड."

"आधी किल्ली."